उसन्या घोडीवरचा शिलेदार

माझा चुलतभाऊ घोडीवरून पडला तेव्हा त्याच्या डोक्यावर फेटा होता, हातात तलवार होती आणि गालाला केक लागला होता. पाय मोडला, पण फेटा सुटला नाही. त्याच्या मित्रांनी हे पुढं कितीतरी दिवस मोठ्या अभिमानानं सांगितलं.

वाढदिवस होता. केजजवळच्या युसूफ वडगाव ह्या गावाच्या पलीकडं आमच्या चुलत्यांचं रान आहे, घर आहे, आणि हा एकुलता एक. वय सव्वीस. शिक्षण अर्धवट. गावच्या फाट्यावर त्याचा बॅनर लागला होता. त्यावर गॉगल घातलेला हा, खाली मित्रांच्या फोटोंची रांग, वर ‘काळजातला राजा’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘भावी’. भावी काय, ते लिहिलं नव्हतं. ठरलं नव्हतं म्हणून.

राजा म्हटलं की घोडा आला. नाचणारी पांढरी घोडी एका लग्नाला गेली होती. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, आपल्याच रानात मेंढरं बसलीत, त्यांच्याकडं घोडी हाय की. मेंढपाळाचं एक कुटुंब दर साली चुलत्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचं. त्यांची घोडी संसार वाहायची. बाजा, भांडी, कोंबड्या, चार दिवसांची कोकरं असं सगळं पाठीवर घालून ती गावोगाव हिंडायची. तिला सुताची दोरी माहीत होती, डीजे माहीत नव्हता. त्या कुटुंबातला म्हातारा म्हणाला होता, “घोडी भडकंल, बापू. न्यायचीच आसंल तर मी दोरी धरून संगं चालतो.”

डीजेचा पहिला दणका बसला आणि घोडी उधळली. हा रस्त्यावर पडला. म्हाताऱ्यानं दोरी सोडली नाही, म्हणून तो फरपटत गेला आणि त्याचा खांदा निखळला. मित्रांनी काळ्या जीपमध्ये राजाला घातला आणि केजला आणला. जीपमध्ये सहा जण होते आणि पुढच्या सीटवर केकचा उरलेला डबा होता. म्हाताऱ्याला जागा नव्हती.

केजमध्ये माझं मेडिकलचं दुकान आहे, मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. नवरा लातूरला नोकरीला, शनिवारी येतो. एरवी मी आणि माझी लेक. हाडांचा दवाखाना बरोबर समोर, त्यामुळे प्लास्टर घातल्यावर चुलत्यांनी पोराला माझ्याकडंच ठेवला. “तुझ्यापशी औषधं हायत, डॉक्टर हाय, आन तुझं ऐकतंय बी ते,” असं म्हणून ते निघून गेले. माझं तो कधीच ऐकत नव्हता. चुलत्यांना घरातली त्याची कटकट नको होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरसमोर एक बाई उभी राहिली. हिरवं लुगडं, हातात चांदीचे जाड गोठ. तिच्या मागं पायरीवर एक म्हातारा बसला होता. त्याचा हात पटक्यानं गळ्यात बांधलेला, चेहरा राखेसारखा.

“दुखायची गोळी द्या बाई,” ती म्हणाली. “सासऱ्याच्या खांद्याला मार लागलाय.”

मी बाहेर येऊन खांदा बघितला आणि म्हणाले, “हे गोळीनं होत नसतं. समोर न्या, आत्ताच्या आत्ता. कसं झालं?”

तिनं सांगितलं. माणसं कोंबलेल्या वडापच्या जीपनं ते दोघं आले होते, खड्ड्याखड्ड्याला म्हातारा ओरडत होता. आमच्या राजाचं तिनं नाव घेतलं नाही. “मालकाचं पोरगं” म्हणाली. त्याचाही पाय मोडला म्हणून तिनं हळहळ व्यक्त केली.

मी आत गेले. मालकाचं पोरगं उशीला टेकून मोबाईल बघत होतं.

“तुझा घोडीवाला बाहेर बसलाय,” मी म्हणाले. “खांदा निखळलाय त्याचा. बोलावू आत?”

त्यानं आवाज एकदम खाली आणला. “आक्का, त्याला सांग, मी हितं न्हाई म्हणून.”

“कावून?”

“आगं, उगं रडंल त्यो. मला न्हाई बघवत तसलं.”

मी बाहेर जाऊन त्या दोघांना रस्ता ओलांडून दिला. डॉक्टर ओळखीचे, त्यांना काय ते सांगितलं आणि परत आले. त्या दिवशी मी ह्या शूरवीराला जेवण वाढलं ते भांडं आपटूनच. त्याला कळलंही नाही. त्यानं लोणचं मागितलं.

माझ्या लेकीला जपानी कार्टूनचं वेड. कार्टून म्हटलेलं तिला चालत नाही, ॲनिमे म्हणायचं. शाळेतून आली की ती टीव्ही लावते, हिंदी आवाज, खाली इंग्रजी अक्षरं. त्या दिवसांत ती एका तरुण शिलेदाराची मालिका बघत होती. ती नाईट म्हणायची. मी शिलेदार म्हणायचे. तसा आपल्याकडं शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं असलेला, आणि ज्याच्या बुडाखाली दुसऱ्याचं घोडं असतं तो बारगीर. हा फरक मी भावाला मुद्दाम समजावून सांगितला. त्याला तो नीट समजला नाही.

पहिले दोन दिवस त्यानं लेकीची टिंगल केली. “काय गं, ह्ये बारक्या पोरांचं बघतीस?” तिसऱ्या दिवशी तो गप्प बसून बघू लागला. त्यानंतर तिला शाळेतून यायला उशीर झाला की हाच ओरडायचा, “आगं लाव की! काल कुठं ऱ्हायलं व्हतं?”

त्याचं कारण उघड होतं. पडद्यावर हाच होता. मोठ्या घराण्यातला धाकटा मुलगा, सोनेरी केस, अंगापेक्षा मोठी तलवार. बोलायला लागला की वारा सुटायचा आणि झगा फडफडायचा. जेवायच्या पंगतीतसुद्धा तो उभा राहून बोलायचा. लढाई कधी बघितलेली नाही, पण जिंकल्यावर काय बोलायचं ते पाठ. त्याचा एक म्हातारा मोतद्दार होता. घोड्याला खरारा तो करायचा, खोगीर तो घालायचा, ह्याला वर चढवायचाही तोच. मग एका नदीच्या उतारावर शत्रू आला आणि हा वीर घोड्याला टाच मारून पळाला. मोतद्दार पाण्यातच राहिला, पाठीत बाण घेऊन. जगला, पण कमरेतून वाकडा झाला.

“भ्याड हाय की ह्यो,” माझा भाऊ मनापासून म्हणाला.

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं नाही. त्याला खरंच काही सुचलं नव्हतं. माणसाला आरसा दाखवला तर निदान केस तरी विंचरावेत. हा आरशालाच शिव्या देत होता.

पुढं दहा-बारा भाग तो सोनेरी पोरगा नुसता कुढत राहिला. पाऊस पडायचा, तो भिजायचा, आईची आठवण यायची, मागं व्हायोलिन. शेवटी तो मोतद्दाराच्या झोपडीसमोर गेला आणि एक गुडघा टेकून मान खाली घातली. भलं मोठं भाषण केलं. आकाश फाटलं, ऊन आलं. डोळ्यातलं पाणी जमिनीवर पडताना दाखवलं, ते सुद्धा एका थेंबाला केवढा वेळ!

मला हसू आलं. म्हटलं, “झालं? रडला की सुधारला? आपल्याकडं पारावर असे रोज चार सुधारतात.”

लेक म्हणाली, “मम्मी, थांब ना. अजून खूप भाग आहेत.”

पण माझ्या भावाचे डोळे भरून आले होते. त्यानं नाक ओढलं, पांघरूण बाजूला सारलं आणि म्हणाला, “आक्का, माझं बी चुकलं. म्हाताऱ्याची माफी मागाया पायजे.”

एक क्षण, अगदी एकच, मला बरं वाटलं. मग त्यानं फोन उचलला आणि मित्राला म्हणाला, “हॅलो, क्यामेरा चांगला कुणाचा हाय रे? त्यालाच आण.”

तिथून पुढं त्यानं ती मालिका बघितली नाही. त्याचं म्हणणं, मेन तर झालं.

मलाही त्यांनी बरोबर नेलं. बाईमाणूस मागं उभं असलं की व्हिडिओ घरगुती वाटतो, असं एका मित्राचं मत होतं. मी गेले ते दुसऱ्याच कारणानं. म्हाताऱ्याच्या खांद्याचा पट्टा बदलायचा होता, डॉक्टरांनी माझ्याकडंच दिला होता.

मेंढरं तेव्हा आणखी दोन शेतं पुढं सरकली होती. दुपारचं ऊन होतं. वाघुरीचं जाळं लावून कोकरं आत कोंडलेली, बाजूला चूल, आणि ती घोडी बाभळीला बांधलेली. आमची काळी जीप बघून तिनं कान मागं घेतले. म्हातारा बाजेवर बसला होता. आम्हाला बघून तो उठायला लागला, तर मित्र म्हणाला, “बसा बसा बाबा, उठू नका. फ्रेम बिघडंल.”

आता अडचण अशी की गुडघा टेकायचा तर एक पाय प्लास्टरमध्ये, मांडीपर्यंत. प्लास्टरचा पाय वाकत नाही आणि चांगला पाय वाकवला की तोल जातो. दोघांनी काखेत हात घालून त्याला खाली उतरवला. चांगला गुडघा ढेकळांत, प्लास्टरचा पाय सरळ पुढं म्हाताऱ्याच्या दिशेनं, जणू त्यालाच लाथ मारतोय.

म्हातारा घाबरला. “आरं आरं, पडतंय पोरगं! धरा की त्येला!”

“बाबा, मी चुकलो,” हा म्हणाला आणि मित्राकडं बघून विचारलं, “आवाज यतोय का?”

वाऱ्यामुळं येत नव्हता. म्हणून परत एकदा झालं. दुसऱ्या वेळी मेंढरं ओरडली. तिसऱ्या वेळी नीट झालं. भाषणातली निम्मी वाक्यं मला ओळखीची होती, व्हायोलिन तेवढं नव्हतं. ‘तलवारीपेक्षा मन मोठं असतंय’ असंही काहीतरी तो म्हणाला. ती तलवार लग्नाच्या सामानवाल्याकडून आणलेली. म्यानात इतकी अडकलेली की केक शेवटी म्यानानंच कापला होता. हे मला तिथं आठवलं आणि मी तोंडाला पदर लावला. व्हिडिओत मी गहिवरल्यासारखी दिसते.

 म्हाताऱ्यानं सुनेकडं बघितलं. ती हंडा घेऊन उभी होती, चेहऱ्यावर काही नाही.

“मामंजी, म्हणा की माफ केलं,” ती म्हणाली. “त्यांना उनाचं कशाला ताटकळत ठुयचं. आन आपल्यालाबी मेंढरं पाजायची हायत.”

“केलं बापू, केलं माफ,” म्हातारा घाईघाईनं म्हणाला. “उठा आता. पाय दुखंल.”

मित्रांनी टाळ्या वाजवल्या. मी पट्टा बदलला. खांद्याला हात लावला की म्हातारा दात आवळायचा. मी त्याला सांगितलं की व्यायाम करावे लागतील, नाहीतर हात वर जाणार नाही. तो म्हणाला, “बरं बाई.” सुनेनं मात्र दोनदा विचारून घेतलं, कसं करायचं, किती करायचं. तेवढ्या वेळात माझा भाऊ जीपमध्ये बसून व्हिडिओ बघत होता आणि फेटा घालायला पाहिजे होता म्हणून हळहळत होता.

व्हिडिओ खूप चालला. म्हाताऱ्याचं सुनेकडं बघणं कापलं, सुनेचं बोलणं कापलं, खाली दुःखी बासरी घातली. लोकांनी खाली लिहिलं, ‘दिलदार राजा’, ‘याला म्हणतात संस्कार’, ‘माणूस मोठा होतो तो असा’. माझ्या दुकानात माणसं क्रोसिन घ्यायला यायची आणि भावाचं कौतुक करून जायची. चुलत्यांनी तर मलाच ऐकवलं, “तुमी समदे त्याला वांड म्हणत व्हता. बघा आता.”

 एवढ्या लोकांना बासरी आवडली असेल तर मी एकटी काय बोलणार.

प्लास्टर निघालं, तो गेला, खोली मोकळी झाली. लेकीनं मालिका पुढं चालू ठेवली. मी पोळ्या करता करता तिच्या मागं उभी राहून बघायचे, खरं तर नावं ठेवायला. गुडघा टेकून आलेला तो सोनेरी पोरगा आता सगळ्यांना आपलं दुःख सांगत हिंडत होता. जो भेटेल त्याला. आणि मालिकेत त्याला कुणी विचारत नव्हतं. स्वयंपाकीण म्हणायची, बाजूला सर, लाकडं आणायचीत. शेवटी त्याला डोंगरातल्या एका चौकीवर पाठवलं. तिथं लढाई नाही, राजकन्या नाही, बघायला कुणीसुद्धा नाही. चार शिपाई आणि थंडी.

एक अख्खा भाग असा होता की त्यात काहीच घडलं नाही. तो ओढ्यावर गेला, घोड्याला पाणी पाजलं, मग स्वतः प्यायला, परत आला.

“ह्याला भाग म्हणतात?” मी म्हणाले. “एवढं पाणी पाजायला वीस मिनिटं? पैसे संपले असतील त्यांचे.”

लेक टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, “मम्मी, आधी तो घोड्याच्या अगोदर प्यायचा. प्रत्येक वेळी. तू बघितलं नाहीस.”

बघितलं नव्हतं. पण म्हणून मी त्या पोराला चांगला म्हणायला तयार नव्हते. घोड्याला पाणी पाजणं म्हणजे काय पराक्रम? आमच्याकडं बायका हे सकाळी उठून चहाच्या आधी करतात आणि त्यांच्यावर कुणी मालिका काढत नाही. तेही मी लेकीला ऐकवलं. ती “हो” म्हणाली आणि पुढचा भाग लावला.

पावसाळा सरला आणि भावाला मुलगी बघायला सुरुवात झाली. आमच्याकडं रान असलेल्या पण नोकरी नसलेल्या पोरांची लग्नं जमता जमत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ह्याच्याकडं व्हिडिओ होता. कडा गावाकडच्या एका घरानं तो बघून स्वतःहून निरोप पाठवला. पाहुणे म्हणाले, पोरगं माणुसकीचं दिसतंय. चुलत्यांनी मला चल म्हटलं, मी गेले.

मुलगी शांत होती. पोहे झाले, चहा झाला. मग तिचे वडील रीतीप्रमाणं म्हणाले, “तुला काय इचारायचं आसंल तर इचार बाई.” अशा वेळी मुली मान हलवतात. हिनं माझ्या भावाकडं सरळ बघितलं.

“त्या बाबांचा हात बरा झाला का?”

हा गोंधळला. “कोणते बाबा?”

“व्हिडिओतले.”

“हां हां, त्ये. झाला आसंल की आता.”

“आसंल म्हंजे? तुमी परत गेलाव न्हाई का?”

“न्हाई... म्हंजे माफी तर मागितली ना मी.”

तिनं कपबशा गोळा केल्या आणि आत गेली. माझे चुलते मोठ्यानं हसले, म्हणाले, पोरगी चौकस हाय. मुलीचे वडील हसले नाहीत. दोन दिवसांनी फोन आला, पोरीच्या मनात न्हाई.

चुलत्यांनी त्या घराला, मुलीला आणि शिकल्यासवरल्या सगळ्या पोरींना शिव्या दिल्या. मला मात्र ती आवडली. इतक्या लोकांनी तो व्हिडिओ बघितला, बोटं झिजेपर्यंत अंगठे दिले. म्हाताऱ्याचा खांदा फक्त तिला दिसला.

आठवड्यानं भाऊ दुकानात आला. गॉगल नव्हता. काउंटरच्या कडेला उभा राहून त्यानं खोकल्याच्या गोळ्यांची बरणी उगाच फिरवली.

“आक्का, त्या म्हाताऱ्याचा हात बरा झाला का गं?”

“मला काय विचारतोस? पुन्हा कुणी बघायला बोलावलंय वाटतं. उत्तर पाठ करून जायचंय?”

तो लाल झाला. “न्हाई गं. उगं इचारलं.”

“उगं विचारायचं असलं तर त्याला विचार. मेंढरं कुठं आहेत ते शोध. जीप आहे, मित्र आहेत, कॅमेरा आहे.”

त्यानं बरणी खाली ठेवली आणि गेला. मी मनात म्हटलं, गेला ढाब्यावर.

तो परत आला ते दोन-तीन दिवसांनी, संध्याकाळच्या आधी, मोटारसायकलवर एकटाच. पँटच्या खालच्या बाजूला गोखरू चिकटलेलं. लेक अभ्यासाला बसली होती. मी पाणी दिलं. घटाघटा प्यायला आणि पायरीवर बसला.

“सापडले का ते आजोबा?” लेकीनं विचारलं.

“सापडले. लई लांब गेलेत.” त्यानं पँटवरचं गोखरू उपटलं. “हात वर जात न्हाई त्याचा. हितपत्तोर जातोय फकस्त.” त्यानं स्वतःचा हात छातीपर्यंत उचलून दाखवला. “घोडीवर सामान आता सून भरती.”

“मग तू काय बोललास?” मी म्हणाले.

“काय न्हाई. त्यानं मला वळखलंच न्हाई, आक्का. सुनेनं सांगितलं तवा म्हणला, आसं व्हय, बसा. पाणी दिलं. मग मेंढरं उठवाया गेला.”

मला हसू आवरलं नाही. हजारो लोक ज्याला ओळखतात, त्याला ज्यानं ओळखायचं तोच विसरून गेला होता. मी तोंडावर हसले. पाय मोडला तेव्हासुद्धा त्याचा चेहरा एवढा पडला नव्हता. लेक हसली नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी ओशाळायला हवं होतं. मी काही ओशाळले नाही.

“मामा, बसतोस का?” ती म्हणाली. “तुझं अर्धं बघायचं राहिलंय. मी परत लावते.”

“आज न्हाई,” तो उठत म्हणाला. “लाईट यायची हाय सातला. रानात पाण्याची दारं धरायचीत. गडी सुट्टीवर हाय.”

चुलत्यांच्या रानात दारं धरायला हा कधी गेल्याचं मला आठवत नाही. पाण्याची पाळी आली की ह्याचं डोकं दुखायचं. त्यानं गाडी सुरू केली आणि निघाला. तो खरंच रानात गेला की फाट्यावर मित्रांत जाऊन बसला, मला माहीत नाही. मी चुलत्यांना फोन करून विचारलंही नाही. त्यानं त्या भेटीचा व्हिडिओ टाकला नाही, एवढं मात्र खरं. पण फोनची बॅटरी संपलेली असू शकते.